हेल्मेटमधला वारा

रविवारी पहाटे पुण्याहून साताऱ्याकडे किंवा ताम्हिणीकडे निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या तयारीत गेल्या काही वर्षांत एका छोट्या कृतीची भर पडलेली दिसते. चेनचा ताण, टायरमधील हवा आणि दिवे पाहून झाल्यावर, जॅकेट गळ्यापर्यंत बंद करून झाल्यावर आणि हेल्मेट अजून आरशाला लटकलेले असताना स्वार खिशातून एक डबी काढतो, तिच्यातील फोमचा मऊ तुकडा अंगठा आणि बोटांमध्ये धरून सावकाश वळतो, आणि तो वातीसारखा बारीक झाला की दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि किंचित मागे ओढतो. कानाची नळी सरळ नसते, तिला बाक असतो. कान असा ओढला म्हणजे तो बाक काही क्षणांपुरता कमी होतो आणि फोम आतपर्यंत जातो. मग बोट तसेच दाबून अर्धा मिनिट थांबावे लागते. फोम हळूहळू फुगतो, नळीच्या भिंतींना टेकतो, आणि पेट्रोल पंपावरचा गलका, चहाच्या टपरीवरच्या कपबशा, शेजारी कुणीतरी सुरू केलेले इंजिन हे सगळे एकेक पाऊल मागे सरकते. त्याच वेळी स्वतःचा श्वास, आवंढा गिळल्याचा आवाज, दात दातांवर टेकल्याचा आवाज मोठा होतो, कारण नळीचे तोंड बंद झाल्यावर हाडांतून येणाऱ्या कंपनांना बाहेर जायला वाट उरत नाही. संगीत ऐकण्यासाठी घेतलेल्या इअरफोनची निवडही, नीट पाहिले तर, याच अर्ध्या मिनिटात सुरू होते. कारण मोटारसायकलवर काय ऐकायचे हा प्रश्न काय ऐकू येऊ द्यायचे नाही या प्रश्नानंतरच येऊ शकतो.

जे ऐकू येऊ द्यायचे नाही ते नेमके काय, याविषयी मोठा गैरसमज आहे. दुचाकीचा गोंगाट म्हणजे इंजिनाचा आणि सायलेन्सरचा आवाज, अशी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची समजूत असते आणि त्याच्यापुरती ती खरीही असते. स्वाराच्या कानाला मात्र वेगळीच गोष्ट भेटते. वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे गेला की हेल्मेटवर आपटणारा वारा इंजिनावर मात करू लागतो, आणि ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत, थेट कानापाशी, आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या जवळ जाऊन पोहोचते. हा आवाज बाहेरून आत आलेला नसतो, तो तिथेच तयार होतो. हेल्मेटच्या वळणावरून सरकणारी हवा त्याच्या कडांपाशी तुटते, तिचे भोवरे होतात, आणि ते भोवरे कवचाला व आतल्या हवेला थरथरवत राहतात. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी हेल्मेट पवनबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या झोतात, ठेवून मोजमापे घेतली, तेव्हा हनुवटीच्या पट्टीखालचा, मानेजवळचा भाग हा या आवाजाचा एक मोठा उगम असल्याचे दिसून आले. ज्या पोकळीतून स्वार हेल्मेटमध्ये डोके घालतो, तिथूनच वाऱ्याचा हा धुमाकूळ कानाशी पोहोचतो. म्हणूनच अर्धवट उंचीची विंडशील्ड लावल्यावर काही गाड्यांवर आवाज कमी होण्याऐवजी वाढतो. काचेच्या वरच्या कडेवरून फाटलेली हवा नेमकी हनुवटीखाली येऊन आदळते. स्वार जरा ताठ बसला किंवा टाकीवर वाकला तर तोच आवाज ओसरतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की इतकी वर्षे ज्याला तो वेगाचा आवाज समजत होता, तो त्याच्याच डोक्याभोवती अडलेल्या हवेचा आवाज होता.

शंभर डेसिबल हा आकडा कागदावर फार बोलत नाही, कारण डेसिबलची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी चालत नाही. ध्वनीची तीव्रता दहापट वाढली की या पट्टीवर फक्त दहाची भर पडते, आणि दुप्पट वाढली की जेमतेम तीनची. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा गोंगाट दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा अशी मर्यादा सुचवली आहे, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ८८ डेसिबलला चार तास मिळतात, ९४ ला एक तास, आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. पुण्याहून कोल्हापूरला उघड्या कानांनी जाणारा स्वार हा शिधा शिरवळच्या बराच अलीकडे संपवून बसतो. नुकसान लगेच कळत नाही, ही यातली खरी अडचण आहे. धाब्यावर उतरल्यावर समोरच्याचे बोलणे जरा मंद वाटते, रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, सकाळी सगळे ठीक झालेले असते. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत ध्वनीची कंपने टिपणाऱ्या हजारो केशपेशी असतात. त्यांतल्या थकलेल्या पेशी रात्रीतून सावरतात, पण मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. आणि पहिल्यांदा जातात त्या बहुधा उंच स्वर टिपणाऱ्या, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे ज्यांच्यामुळे ‘स’, ‘श’, ‘त’ अशी व्यंजने एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात त्या. बहिरेपणाची सुरुवात आवाज न येण्याने होत नाही. माणसे काहीतरी बोलताहेत हे कळते, पण काय बोलताहेत हे कळेनासे होते.

तरीही कान बंद करण्याला दुचाकीस्वारांचा जो जुना विरोध आहे, तो नुसत्या हट्टाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. महाराष्ट्रात फटफटी ही आधी ऐकू येणारी आणि मग दिसणारी वस्तू होती. बुलेटचे सावकाश ठोके, येझदीची दोन नळकांड्यांतून येणारी खणखण, आरएक्स १०० ची उंच चढत जाणारी किंकाळी यांवरून गल्लीतली पोरे गाडीच नव्हे तर गाडीचा मालकही ओळखत. जुना मेकॅनिक ॲक्सिलरेटर दोनदा पिळून, डोके एका बाजूला कलवून टॅपेट सैल झाले आहे की चेन, हे सांगत असे. ज्याने गाडी अशी कानाने शिकली, त्याला कानात फोम घालून गाडी चालवणे म्हणजे एक हात पाठीमागे बांधण्याजोगे वाटले तर नवल नाही. पण या विरोधात एक गोष्ट निसटते. मेकॅनिक ऐकतो ते उभ्या गाडीला. महामार्गावर नव्वदच्या वेगाने जाताना टॅपेटचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही, कारण वाऱ्याने तो केव्हाच गिळलेला असतो. त्या वेगात इंजिनाची खबर फुटपेगमधून तळव्यांना, हँडलमधून पंजांना आणि टाकीमधून गुडघ्यांना मिळत असते. उलट कानातला फोम वाऱ्यासकट सगळ्याच आवाजांना थोडेफार खाली आणत असल्याने, माऱ्याखाली गांगरलेला कान पुन्हा कामाच्या पातळीवर येतो, आणि सवय झालेल्या अनेक स्वारांना इंजिनाचा सूर बदललेला त्यानंतरच अधिक स्पष्ट कळतो. फोम उंच स्वर जास्त अडवतो, त्यामुळे आवाजाचा पोत बदलतो, हे मान्य करावे लागते. या बदलाशी जुळवून घ्यायला काही दिवस जातात.

इथून इअरफोनच्या निवडीकडे वळले की बाजारात सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेला गुण समोर येतो तो गोंगाट रद्द करण्याचा, ज्याला सर्रास ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हटले जाते. कल्पना जुनी आहे. ध्वनी ही हवेतील दाबाची लहर असल्यामुळे तिच्याच मापाची पण उलटी लहर, म्हणजे जिथे पहिलीचा उंचवटा तिथे हिचा खळगा अशी, तिच्यावर सोडली तर दोन्ही एकमेकींना मिटवतील, हे तत्त्व मांडून जर्मनीच्या पॉल ल्यूग यांनी १९३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळवले होते. ते प्रत्यक्षात येण्यासाठी मात्र इलेक्ट्रॉनिक्सला पुरेसे चपळ व्हावे लागले. अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून ब्रिटिश सत्तेपासून निसटून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक होते, ते १९७८ मध्ये युरोपातून परतताना विमानात हेडफोन लावून बसले असता इंजिनाच्या घरघरीने संगीत बुडालेले पाहून या कल्पनेच्या मागे लागले, आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा पहिला हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. हे तंत्र व्यवहारात आले ते विमानातल्या घरघरीसाठी, हे दुचाकीस्वाराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. विमानातील घरघर खोल स्वराची, एकसारखी आणि अंदाज करता येण्याजोगी असते. मायक्रोफोनने ती टिपून, उलटी लहर तयार करून कानात सोडेपर्यंत ती फारशी बदललेली नसते. हेल्मेटमधला वारासुद्धा बराचसा खोल स्वराचाच असतो, म्हणून हे तंत्र तिथेही उपयोगी पडायला हवे, आणि काही प्रमाणात पडतेही. पण वारा एकसारखा नसतो. तो ट्रकच्या बाजूने जाताना एकदम फुटतो, पुलावर आडवा येतो, मान वळवली की दुसऱ्याच कडेने शिरतो. आणि इअरबडच्या बाहेरच्या अंगावर बसवलेल्या मायक्रोफोनवर त्याचा झोत सरळ आदळला तर त्या मायक्रोफोनला ऐकू येतो तो ध्वनी नसून नुसते धक्के असतात. मग उलटी लहरही चुकीची तयार होते आणि कानात फडफड, टकटक किंवा खोल हिसका बसल्यासारखा दाब जाणवतो. विमानात अप्रतिम वाटलेले महागडे इअरबड लोणावळ्याच्या खुल्या रस्त्यावर निराश करतात ते यामुळे.

म्हणून मोटारसायकलसाठी इअरफोन पारखताना आधी त्याचे विजेवर चालणारे अंग विसरून त्याचे टोक पाहावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. कानाच्या नळीत खोल जाणारे आणि तिचा आकार घेणारे फोमचे टोक नुसत्या अडथळ्याने जितका वारा थांबवते, तितका कुठलेही सर्किट त्या जागी भरवशाने थांबवत नाही. कारखान्यात वापरायच्या चांगल्या फोम प्लगच्या वेष्टनावर तीसच्या वरचे आकडे छापलेले असतात. प्रयोगशाळेबाहेर, घाईत घातल्यावर, त्यातले बरेच हातून जाते, पण वीस डेसिबल जरी पदरात पडले तरी शंभरचे ऐंशी होतात आणि पंधरा मिनिटांची मर्यादा दिवसभरावर जाते. या ऐंशीवर संगीत किंवा बोलणे ऐकायला फार आवाज वाढवावा लागत नाही. याउलट उघड्या कानांजवळ हेल्मेटच्या गादीत बसवलेल्या चकत्यांसारख्या स्पीकरना वाऱ्याच्या वर उठावे लागते, म्हणजे शंभर डेसिबलवर आणखी काही. स्वाराला वाटते आपण गाणे ऐकतो आहोत, पण कानाला एका माऱ्यावर दुसरा मारा बसत असतो. एकाच कानात इअरफोन घालण्याची जी सावध वाटणारी रीत आहे, तीही फसवी आहे. उघड्या कानावर वारा तसाच आदळत राहतो आणि त्याच्याशी स्पर्धा करायला बंद कानातला आवाज नकळत वाढवला जातो.

टोकानंतर येते ती जाडी. हेल्मेट डोक्यात घालताना स्वार दोन्ही पट्ट्या बाहेर ओढतो, कान क्षणभर दुमडतात, गालाच्या गाद्या घासत खाली येतात. कानातून खाली देठासारखी दांडी लोंबणारे इअरबड याच क्षणी निघून येतात किंवा तिरके होतात आणि सारी मेहनत वाया जाते. कानाच्या खोलग्यात पूर्ण बसणारे, पृष्ठभागाच्या वर न उठणारे इअरफोन त्यासाठी हवेत. कुशीवर झोपून ऐकता यावे म्हणून बनवलेले चपटे इअरबड काही स्वार याच कारणाने पसंत करतात. दुकानात दहा मिनिटे घालून पाहिल्याने इथे काही कळत नाही. हेल्मेटची गादी कानावर दोन तास दाबून राहिल्यावर कुठल्या कूर्चेला कळ लागते, हे दोन तासांनीच कळते. बोटाच्या स्पर्शाने चालणारी बटणे आणखी एक संकट असते, कारण गादी घासली की तिलाच बोट समजून गाणे बदलते, थांबते किंवा कुणाला तरी फोन लागतो. ही स्पर्शाची सोय बंद करता येते की नाही, हे घेण्यापूर्वी पाहिलेले बरे. तारेचा जुना इअरफोन या बाबतीत गुणी होता. तो चार्ज करावा लागत नसे, त्याचा एक कान आधी मरत नसे, आणि तार जॅकेटच्या आत मानेमागून वर आणली की ती हातातही येत नसे. पण बऱ्याच नव्या फोनांना ती तार लावायची जागाच उरलेली नाही.

बिनतारी ध्वनीचे जे तंत्र तिच्या जागी आले, त्या ब्लूटूथची सुरुवात १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत झाली. २.४ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात, जिथे वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही वावरतात, ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा आपली वाहिनी बदलत राहतो आणि अशा उड्या मारत गर्दीतून वाट काढतो. या तंत्राची एक खोड स्वाराला हमखास भेटते. संगीतासाठी ते एका पद्धतीने चालते, जिच्यात दोन्ही कानांना भरपूर आवाज मिळतो, पण फोन आला किंवा मायक्रोफोन सुरू झाला की ते दुसऱ्या, दुहेरी संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एकदम चपटा, एकेरी होतो. दोष बहुधा इअरफोनचा नसतो, वाट अरुंद झालेली असते. आणि इअरबडचा मायक्रोफोन हेल्मेटमध्ये कानापाशी गाडला गेल्यावर पलीकडच्या माणसाला शब्दांऐवजी खरखरच मिळते. ज्यांना वाटेत खरोखर बोलायचे आहे, मागे बसलेल्याशी किंवा चार गाड्यांच्या टोळीशी, त्यांच्यासाठी हेल्मेटच्या बाजूला बसणारे आणि ओठांपाशी मायक्रोफोन आणणारे इंटरकॉम हाच योग्य मार्ग आहे. त्यांच्या नव्या पिढीत मेश नावाची रचना असते, ज्यात प्रत्येक यंत्र इतरांना जोडून घेते आणि एखादा घाटात मागे राहिला तरी उरलेल्यांची साखळी आपोआप पुन्हा सांधते. अशा इंटरकॉमच्या स्पीकरखाली साधे फोम प्लग घालणारे स्वार पाहिले की प्रथम विसंगत वाटते, पण ती जोडी चांगली जमते. फोम वाऱ्याला आणि स्पीकरला दोघांनाही खाली आणतो, दोघांचे परस्परांतले अंतर फारसे बदलत नाही, आणि कान त्या दोघांच्या माऱ्यातून सुटतो.

इतके सगळे जमल्यावर आत काय सोडायचे, याकडे फार थोडे लक्ष दिले जाते. लांबच्या सपाट रस्त्यावर गाणे सोबत करते, हे खरे आहे. पण घाट सुरू झाला की शरीराची एक वेगळी लय लागते. ब्रेक, गिअर खाली, कलणे, नजर वळणाच्या टोकाला, पुन्हा ॲक्सिलरेटर, असा तो क्रम प्रत्येक वळणाचा स्वतःचा असतो, आणि बाहेरून लादलेला ताल त्याच्यात लुडबुड करतो. झपतालाच्या दहा मात्रा आंबोलीच्या कुठल्याही वळणाला बसत नाहीत. बोलणे त्याहून अवघड. गाण्याकडे दुर्लक्ष करता येते. वाक्य सुरू झाले की मन ते पुरे होईपर्यंत थांबते, आणि ताशी ऐंशीच्या वेगात एका सेकंदात बावीस मीटर रस्ता मागे पडतो. नकाशाने दिलेली दोन-तीन शब्दांची सूचना, तीही वळणाच्या पुरेशी आधी, एवढीच बोली रस्त्याला सोसते असे दिसते. कित्येक जुने स्वार इअरफोन कानात असूनही तासन् तास काहीही लावत नाहीत, आणि विकत घेतलेल्या वस्तूचा हा सर्वांत चांगला वापर असू शकतो.

कायद्याची यावरील मते देशोदेशी वेगळी आहेत. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून वाहन चालवताना कानात काहीही घालून ऐकण्याला बंदी केली, पण हेल्मेटमध्ये बसवलेले स्पीकर चालू दिले. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकण्यास मनाई आहे, पण श्रवणाचे रक्षण करण्यासाठीच बनवलेल्या आणि भोंगा ऐकू येऊ देणाऱ्या प्लगना सवलत आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे मोडेल असे केले. कानाविषयीच्या कायद्यांच्या मागे मुख्यतः एकच भीती आहे, की स्वाराला मागचा आवाज ऐकू येणार नाही. आणि ती भीती आपल्या रस्त्यावर इतरत्र असते त्याहून मोठी आहे, कारण इथे हॉर्न हा केवळ धोक्याचा इशारा कधीच नव्हता. ट्रकच्या पाठीवर हॉर्न वाजवण्याची जी विनंती रंगवलेली असे, ती महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये बंद करायला लावली, पण त्या विनंतीमागचा व्यवहार तसाच राहिला आहे. पुढे जाऊ का, जा, मी इथे आहे, वळणापलीकडून येतो आहे, आभार, बाजूला हो, हे सगळे त्या एकाच भोंग्यातून लांबी-रुंदी बदलून बोलले जाते, आणि त्याचा अर्थ कळण्यासाठी तो कुठल्या बाजूने आला हेही कळावे लागते.

आता असे इअरबड आले आहेत जे बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून, त्यातला निवडक भाग आत सोडतात. वारा गाळायचा, माणसाचा आवाज आणि भोंगा ठेवायचा, हे काम त्यांच्यातली बारीक चिप सतत करीत असते. विमानतळावर तिला ते उत्तम जमते. घाटातल्या धुक्यात, समोरून उतरणाऱ्या एसटीचा हॉर्न आणि मागून चढणाऱ्या टेम्पोचा हॉर्न यांत कुठला आपल्यासाठी आहे, हे तिने ठरवावे काय, आणि ठरवले तर स्वाराने ते मानावे काय, यावर स्वारांच्या टोळ्यांत अजून एकमत नाही. काही जण घाटाच्या पायथ्याशी इअरबड काढून नुसते फोम ठेवतात, काही सगळेच काढून काच अर्धी उघडतात आणि वेग इतका कमी करतात की वाऱ्याला बोलायला फारसे काही उरत नाही.